देव्हाऱ्यांतील जुनीं नाणीं

गेल्या आश्विनांत नंदुरबार जिल्ह्यांतील धानोरा या गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. घर मोठें, नांदतें. दिवाळी आठ दिवसांवर आलेली. लक्ष्मीपूजनास मांडावयाची जुनी लाकडी पेटी आजींनीं उघडली आणि धाकटी सून चिंच व रांगोळी घेऊन नाणीं घासावयास बसली. इतक्यांत पुण्यास शिकणारा नातू धांवत आला. "काकू, थांबा! घासलींत तर सगळें वाटोळें होईल." आजी शांतपणें म्हणाल्या, "मग लक्ष्मी काय काळ्या तोंडानें पुजायची?" वाद वाढूं लागला, तेव्हां निवाडा करण्याचें काम आमच्याकडे आलें. असा प्रसंग पुष्कळ घरीं येत असेल, म्हणून आम्हीं तेथें जें सांगितलें तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

पेटींत तांब्याच्या कांहीं शिवराया होत्या, राणीछाप रुपये होते, आणि एका रुपयास माळेंत ओंवण्यासाठीं डाग देऊन कडी लावलेली होती. अशा नाण्यांची प्रत ठरवितांना चकाकी पाहावयाची नसते, झीज पाहावयाची असते. नाण्यावर जो भाग उंच, तो प्रथम झिजतो. राणीछाप रुपया घेतला तर गालाचा उंचवटा, मुकुटाखालचे केस व वस्त्रावरील नक्षी आधीं पाहावी. केसांच्या रेघा वेगवेगळ्या दिसत असतील तर प्रत उत्तम. त्या मिळून सपाट झाल्या असतील तर मध्यम. नुसती आकृति उरली असेल तर कनिष्ठ. व्यापारी याच पायऱ्यांना फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन म्हणतात आणि व्यवहारांत न फिरलेल्या नाण्यास अनसर्क्युलेटेड. शेल्डन या अमेरिकन गृहस्थांनीं १९४९ मध्यें आपल्या देशांतील जुन्या सेंटांसाठीं १ ते ७० अशी गुणांची पट्टी योजिली. आज तीच अनेक देशांत चालते. वजनाचाहि आधार घेतां येतो. राणीछाप रुपया टांकसाळींतून निघतांना एक तोळ्याचा, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅम वजनाचा असे, व त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी असे. सोनाराच्या कांट्यावर तो जितका कमी भरेल, तितकी त्याची झीज.

शिवराईस मात्र हा न्याय जपून लावावा. तिच्या एका बाजूस "श्री राजा शिव" व दुसऱ्या बाजूस "छत्रपति" हीं अक्षरें असतात. परंतु ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळें पुष्कळदां कडेचीं अक्षरें मुळांतच उतरलेलीं नसत. अक्षर नाहीं म्हणून नाणें झिजलें, असें समजणें चुकीचें होय. कडी लावलेल्या रुपयास संग्राहक कमी किंमत देतो, हें खरें. पण म्हणून ती कडी तोडूं नये. डागाचा व्रण राहतोच, आणि तो रुपया घरांतील कोणाच्या गळ्यांत होता ही खूण मात्र नाहींशी होते.

आतां काळेपणाविषयीं. तांब्यावर कालांतरानें जी तपकिरी, काळसर किंवा गर्द हिरवी गुळगुळीत कांति चढते, ती रोग नव्हे. तें त्या नाण्याचें कवच होय. कित्येकदां झिजलेलीं अक्षरें त्या थरांतच काय तीं शिल्लक असतात. चिंचेंतील आम्ल तो थर विरघळवितें, आणि रांगोळीची रेव उरलेल्या अक्षरांवर ओरखडे काढते. रुप्यावरचा काळेपणा हवेंतील गंधकाच्या संयोगानें येतो. तोहि तसाच राहूं द्यावा.

खरा रोग निराळा. नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली, ती कोरून काढली तरी कांहीं दिवसांनीं पुन्हां आली, तर सावध व्हावें. घामांतील अथवा मातींतील क्षार तांब्यांत शिरून बसलेला असतो. पावसाळ्याची ओल व हवा मिळतांच त्यांतून आम्ल उत्पन्न होतें, तें आणखी तांबें खातें, आणि हें चक्र आपोआप थांबत नाहीं. असें नाणें वेगळें काढून डिस्टिल्ड वॉटरमध्यें ठेवावें, तें पाणी वरचेवर बदलावें, आणि असें कांहीं आठवडे केल्यावर नाणें पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबींत घालावें. एवढ्यानें भुकटी थांबली नाहीं तर तें जाणत्यांच्या हातीं द्यावें. प्रयोगशाळेंत यासाठीं बेंझोट्रायझोल हें द्रव्य वापरतात, परंतु तें अपायकारक असल्यामुळें घरीं त्याचा प्रयोग करूं नये. मऊ पी. व्ही. सी. च्या पिशव्या व रबरी पट्टे नाण्यांपासून दूर ठेवावेत, आणि नाणें नेहमीं कडेनें धरावें.

यावर नातवानें विचारलें, "मग ज्याची प्रत हलकी, त्याचें मोलहि हलकेंच ना?" तसें नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें १९०६ सालीं क्षत्रप नहपानाचीं १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां उठविलेला आहे. एकावर एक दोन छाप, म्हणजे सुबकपणाच्या दृष्टीनें नाणें बिघडलेंच. परंतु नहपानाचें राज्य कोणाकडे गेलें याची साक्ष तींच नाणीं देतात. कोणी तीं घासून लखलखीत केलीं असतीं, तर खालचा नहपानाचा चेहरा पुसून गेला असता.

आजी सर्व ऐकत होत्या. "माझ्या सासूबाई दर वर्षीं घासत," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि पेटीच्या तळांतून त्यांनीं एक शिवराई काढून आमच्या हातावर ठेवली. दोन्ही बाजू गुळगुळीत. एकहि अक्षर नव्हतें. पूजेंत ती नेहमीं सर्वांच्या पुढें असे, म्हणून तीच सर्वांत अधिक घासली गेली होती.

आम्हीं निवाडा दिला तो असा : स्नान व हळदकुंकू नव्या रुपयास करावें, जुनीं नाणीं न घासतां, कोरडीं, पाटावर मांडावीं आणि पूजा होतांच पेटींत ठेवावीं. कोणतें नाणें कोणाकडून आलें याची चिठ्ठी प्रत्येकाबरोबर असावी, कारण ती माहिती सांगणारीं माणसें नेहमीं राहत नाहींत. सूनबाईंनीं चिंच उचलून ठेवली, आणि आजी सांगतील तसा नातू चिठ्ठ्या लिहूं लागला. पहिली चिठ्ठी त्या गुळगुळीत शिवराईची झाली.

"ही मात्र पूर्वीसारखी पुढेंच राहूं दे," आजी म्हणाल्या. "हिचें आतां आणखी काय बिघडायचें आहे?"