परतीच्या वाटेचा हिशेब

मृगया म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे दुष्यंताचा रथ उभा राहतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील सरकारी मोकळ्या भूमीवर मात्र ती पायी, आणि बरीचशी बसूनच होते. खेचरासारखे लांब कान असलेल्या म्यूल हरणाचा धनुर्धाऱ्यांसाठीचा हंगाम युटा व नेवाडात ऑगस्टमध्येच सुरू होतो. तेव्हा नरांच्या शिंगांवर अद्याप मखमल असते व ते टोळीने उंच कुरणांत चरतात. शिकारी पहाटे दुर्बिणीने दूरचे उतार न्याहाळतो. हरीण सावलीत बसले की जवळचा खडक खूण म्हणून हेरतो आणि मग वारा पाहतो. सकाळी गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापताच वर चढते. म्हणून दुपारी वरून उतरावे.

परंतु खरी कसोटी पुढेच. त्या उन्हात मांस लवकर नासते. जनावर तत्काळ सोलून, मांस निववून, पाठीवर वाहून आणावे लागते. जेथून ओझे आणवणार नाही, तेथे जाणता शिकारी बाणच सोडत नाही.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अशा मृगयेस मज्जाव करतो, हे उचितच. तथापि, वाचकहो, हात घालण्यापूर्वी भार तोलण्याची ही शिस्त आम्हांस अनुकरणीय वाटते.