शाळेचा लॅपटॉप कुणाला उघडता येतो?



तुमच्या शाळेत एक लोखंडी कपाट नक्की असेल, ज्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असते. आमच्याही शाळेत आहे. त्यात बारा लॅपटॉप आहेत. चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीने सीएसआरमधून दिले. नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले. आज त्यातले तीन चालतात. पाच जणांच्या बॅटऱ्या गेल्या, दोघांचे चार्जर जळाले, एकाचं बिजागर निखळलं आणि एक मुलाच्या हातून पडला. म्हणजे पाहा, "मुलं वस्तू मोडतात" म्हणून ते कुलपात, पण मुलाने मोडलेला फक्त एकच!

मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवायचा, ही कल्पना काही नवी नाही. 2005 साली एमआयटीच्या निकोलस निग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला एकेक द्यायचा, असा बेत होता. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने 2006 मध्ये नकार दिला. तरीही 2007 साली तो महाराष्ट्रात आला, तोही आपल्यापासून फार लांब नाही. घाट उतरून रायगड जिल्ह्यात गेलं की खैराट धनगरवाडा लागतो. तिथल्या एका शिक्षकाच्या, पहिली ते चौथीच्या छोट्या शाळेत वीसेक मुलांच्या हातात हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला हा त्याचा पहिला प्रयोग.

किंमत मात्र शंभर डॉलरवर राहिली नाही. कारखान्यातून माल निघायला लागला तेव्हा ती 188 डॉलरच्या आसपास होती, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसात हजार रुपये. सगळीकडे चर्चा झाली ती या आकड्याची. मला मात्र त्याची बनावट जास्त मोलाची वाटते. पडदा भर उन्हात वाचता यायचा, म्हणजे वर्ग झाडाखाली भरला तरी अडचण नाही. कीबोर्डवर रबराचं अखंड आवरण, त्यामुळे धूळ-पाणी आत जात नव्हतं. फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, पंखा नव्हता, म्हणजे बिघडणारे भागच कमी. वीज अगदी थोडी लागायची. आणि वरच्या मुठीत जादा स्क्रू ठेवलेले होते! एखादा हरवला तर हाताशी असावा म्हणून. साध्या स्क्रू ड्रायव्हरने मुलालाही तो उघडता यावा, असा विचार बनवणाऱ्यांनी केला होता.

आमच्या कपाटातले लॅपटॉप ऑफिसात एसीमध्ये बसणाऱ्या माणसासाठी बनवलेत. इथे आमच्या खिडकीबाहेरून दिवसभर ट्रेलर जातात आणि संध्याकाळी बाकावर बोट फिरवलं तर रेघ उमटते. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. एरवी व्होल्टेज कधी चढेल याचा नेम नाही.

मागच्या पालकसभेला एक वडील आले होते. ते एका व्हेंडर कंपनीत मेंटेनन्सला आहेत. मुलाची प्रगती विचारून झाल्यावर कपाटाकडे बघत म्हणाले, "मॅडम, हे बंद का?" मी एक काढून दिला. त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला (खरंच, खिशात होता), मागचं झाकण उघडलं आणि जरा वेळ बघत बसले. बॅटरी आतमध्ये चिकटवलेली होती. "मॅडम, याचं स्पेअर कोण देतं? मॅन्युअल कुठंय?" मला दोन्ही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "आमच्या लाइनवर अशी मशीन घेतच नाहीत."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. या पट्ट्यात कोणी गाडी विकताना सर्व्हिस सेंटरशिवाय विकतं का? मशीन आलं की सोबत एएमसी येते, स्पेअरची यादी येते, ऑपरेटरचं ट्रेनिंग होतं. ही शिस्त आपल्या मुलांचे आईबाप रोज तीन शिफ्टमध्ये पाळतात. शाळेला वस्तू देताना मात्र ती गेटच्या आतच राहते.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडमना त्या हिरव्या लॅपटॉपचं फारच कौतुक. पेरू देशाने ते लाखोंनी वाटले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. यंत्र चांगलं बनलं म्हणून मूल आपोआप शिकत नाही, शिकवायला माणूस लागतोच. उरुग्वेने सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत लॅपटॉप दिले, पण सोबत दुरुस्तीची सोयही उभी केली. आपल्याकडे 2011 मध्ये 'आकाश' टॅब्लेट सव्वादोन हजारांत जाहीर झाला, तेव्हा टाळ्या किमतीला पडल्या. स्पर्शाला नीट न जुमानणाऱ्या पडद्याचं आणि लवकर संपणाऱ्या बॅटरीचं रडगाणं नंतर सुरू झालं.

म्हणून माझं म्हणणं असं. "कितीला पडला?" हा प्रश्न आपण चौथ्या-पाचव्या नंबरला ठेवू. त्याआधी विचारू, बॅटरी बदलता येते का? तीन वर्षांनी ती चाकणच्या बाजारात मिळेल का? कीबोर्डवर मराठी अक्षरं आहेत का? माझ्या वर्गातल्या दुसरीच्या मुलाला इंग्रजी अक्षरं शोधून मराठी लिहायला लावणं म्हणजे उलटा घास भरवणं. बारा हलके लॅपटॉप घेण्यापेक्षा आठ उघडता येणारे आणि उरलेल्या पैशांत बॅटऱ्या, चार्जर, एक स्टॅबिलायझर घेतला तर मी आनंदाने आठच घेईन. फोटोत आठ जरा कमी दिसतील, एवढंच.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीचे लोक शाळेत येणार आहेत. मुख्याध्यापकांनी मला मागणीपत्र लिहायला सांगितलंय. मी ते आधी त्या मेंटेनन्सवाल्या वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटी एक ओळ वाढवायला लावली: "सोबत स्क्रू ड्रायव्हरचा संच द्यावा, आणि तो कपाटात नव्हे, वर्गात ठेवण्याची परवानगी असावी."