बहिरेपण आले कुठून?

आजारपणामुळे सैन्यातून मुदतीआधी घरी पाठवलेल्या जवानाच्या कागदांत एक वाक्य पुष्कळदा सापडते. ‘सदर विकार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही.’ या शेऱ्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सैन्यात त्याला चक्क ‘नाना’ म्हणतात. आम्हा बुधवार पेठेतल्या लोकांना नाना म्हटले की बेलबाग उभारणारे नाना फडणीस आठवतात. हिशेबाला कडक माणूस. पण हा दुसरा नाना हिशेब मांडतच नाही, थेट ‘देय नाही’ म्हणून मोकळा होतो.

पेठेतल्या एका बँकेच्या शाखेत माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. जूनमध्ये मुलांची पुस्तके घ्यायला अप्पा बळवंत चौकात आलेले मावळ-पुरंदरकडचे माजी सैनिक जाता जाता पेन्शनचेही काम उरकून घेत, आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी जिन्यापर्यंत रांग लागे. बँकेने फक्त आदेशाप्रमाणे पैसे द्यायचे. आदेश निघत अलाहाबादहून, संरक्षण लेखा खात्याच्या पेन्शन कार्यालयातून. तरी लोक कागद आमच्यापुढे पसरत, कारण इंग्रजी वाचून दाखवणारा दुसरा कोण होता?

तोफखान्यात सतरा वर्षे काढलेले एक हवालदार असेच येत. त्यांना ऐकू कमी येई. मी आवाज चढवला की ते ओशाळून मागे वळून बघत. एकदा म्हणाले, “साहेब, भरतीच्या वेळी डॉक्टरनं खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून कुजबुजून तपासलं होतं. तेव्हा पास केलं. मग बहिरेपण आलं कुठून, तेवढं तरी त्यांनी लिहावं की!”

त्यांना ठाऊक नव्हते, पण कायदाही हेच म्हणत होता. १९८२ च्या पात्रता नियमांत स्पष्ट लिहिले होते की भरतीच्या वेळी ज्या रोगाची नोंद नव्हती आणि ज्यामुळे माणूस पुढे सेवेतून बाहेर पडला, तो रोग सामान्यतः सेवेतच उद्भवला असे धरावे. तो आधी ओळखता येण्यासारखा नव्हता असे डॉक्टरांचे मत असेल, तर त्याची कारणे द्यावीत. शंका उरली तर तिचा फायदा जवानाला. नियम चांगला होता, पण फायलीत तो कोणी उघडून बघत नसे.

दावा नाकारला की पहिले अपील सैन्याच्या मुख्यालयातल्या समितीकडे जाते, दुसरे त्याच्या वरच्या समितीकडे. दोन्हीकडे निर्णय होतो तो कागदांवर. मूळ वैद्यकीय मंडळ लष्करी डॉक्टरांचे आणि अपिलात त्यावर मत देणारेही लष्करी डॉक्टरच. मी कोणाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवत नाही. याच पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. लष्करी वैद्यकाने माणसे उभी केली आहेत. पण आमच्या बँकेतसुद्धा ज्याने व्हाउचर लिहिले त्यानेच ते तपासायचे नाही, असा दंडक होता.

२००७ चा कायदा होऊन २००९ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झाले. त्याआधी समित्यांनी हाकलले की उच्च न्यायालयाशिवाय वाट नव्हती. न्यायाधिकरणाचे मुंबईत खंडपीठ आहे; न्यायखात्यातला एक आणि सेनाधिकारी राहिलेला एक असे दोन सदस्य बसतात. तिथे प्रथमच कोणीतरी समोर बसून ऐकते.

कलाटणी मिळाली २ जुलै २०१३ ला. धरमवीर सिंग हा सिग्नल्स दलातला शिपाई १९८५ मध्ये भरती झाला आणि सुमारे नऊ वर्षांनी फेफऱ्याच्या विकारामुळे घरी पाठवला गेला. विकार प्रकृतीतलाच, असे मंडळाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने विचारले, भरतीच्या वेळी तशी नोंद कुठे आहे? आणि मंडळाने कारणे कुठे दिली आहेत? सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, असे न्यायालयाने बजावले. हवालदारांचाच प्रश्न, फक्त न्यायमूर्तींच्या तोंडी.

यात रक्कम केवढी असते तेही सांगतो, जुनी सवय. अपंगत्व शंभर टक्के असेल तर त्या भागापोटी शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के मिळतात. वेतन ४०,००० धरले तर वीस टक्के अपंगत्वाला २,४०० रुपये. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात न्यायालयाने वीसचे पन्नास धरण्याची सवलत पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही दिली, म्हणजे ६,००० रुपये, वर महागाई. निवृत्ताचे अपंगत्व वीसच्या खाली ठरले तर मात्र शून्य. ‘पंधरा ते एकोणीस टक्के’ असा आकडा मी एकाहून अधिक कागदांवर वाचला आहे. एकोणिसावर थांबणारे मोजमाप कोणत्या यंत्राने होते, हे मला अजून कळलेले नाही.

सरकारचीही बाजू आहे. रक्तदाब, मधुमेह नागरी जीवनातही होतात, पैसा करदात्यांचा आहे आणि खोटे दावेही येत असणार. रजेवर गावी स्कूटरवरून पडलेल्याला सेवेशी संबंध दाखवावा लागतो, तेही रास्त. सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू झाले ते खर्चाला शिस्त लावण्यासाठीच. पण खोटा दावा पकडायचा तर तपास करून कारण लिहावे लागते, आणि इथे नेमके कारणच गैरहजर असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की कारणांविना दिलेले मंडळाचे मत टिकणार नाही. तेराच्या निकालाला तेव्हा बारा वर्षे होत आली होती. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ मध्ये, असले खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तरी लागलेल्या निकालाविरुद्ध सरकारनेच वर जाण्याची खोड सुटलेली नाही. सरकारी वकिलाची फी आणि जवानाचे मुंबईचे हेलपाटे एका तागडीत घातले तर काय दिसेल?

ज्यांच्या घरी असा कागद पडून आहे त्यांनी आधी वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागावी, मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागावी, आणि कारणाचा रकाना वाचावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते. अंतिम आदेशानंतर न्यायाधिकरणात जायला सहा महिने असतात. फार उशीर झाला असेल तरी पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो, असे न्यायालयांनी मानले आहे; थकबाकी मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. त्यामुळे कागद ट्रंकेत असेल तर या आठवड्यातच काढावा.