उंची वाढते, बळ वाढत नाही



ऊस विकास खात्याच्या माणसाने मोटारीच्या स्प्रिंगवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण लागणीची नोंद, बेणेमळ्याची पाहणी यासाठी आम्ही रोज शिवारात फिरतो, आणि हल्ली बांधावर उभी असलेली उंच केलेली गाडी दिसली नाही असा दिवस जात नाही. सातपूर तर आपल्या अंगणातले. महिंद्रच्या तिथल्या कारखान्यातून कितीतरी गाड्या आपल्या दारात आल्या. २०२० साली आलेली नवी थारही नाशिकचीच. गाडी चांगलीच आहे. आमचे म्हणणे आहे ते तिच्या खाली आपण जे ठोकळे घालतो त्याविषयी.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका तरुण सभासदाने आपली थार पुढून दोन इंच उचलून घेतली. घरी आणली तर बूड बसल्यासारखे दिसू लागले. मग एका गॅरेजात जाऊन मागच्या दोन्ही स्प्रिंगांना स्पेसर बसवले. "साहेब, आता मागून मजबूत झाली," असे म्हणून गडी खूश. दुसऱ्या दिवशी मागे बेण्याच्या मोळ्या, टपावरही चार मोळ्या, आणि शेजारी आम्ही. चारीच्या वळणावर गाडी अशी कलली की आमचा हात दांड्याला घट्ट बसला. दैव बलवत्तर, म्हणून चारीत गेलो नाही. खाली वाकून पाहिले तर मागची ब्रेकची नळी तारेसारखी ताणलेली.

मुद्दा इथेच आहे. स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या टोकाशी बसवलेली जाड चकती. ती गाडीचे अंग वर उचलते, पण स्प्रिंग होती तेवढीच राहते. काल जेवढे ओझे पेलत होती तेवढेच आज पेलणार. बैल थकला म्हणून जुवाखाली लाकूड सारले तर जू वर येईल, बैलाला बळ कुठून येणार? ओझ्याने स्प्रिंग बसली असेल तर ओझे कमी करा, नाहीतर त्या गाडीसाठी योग्य अशी नवी स्प्रिंग घाला.

कोणी म्हणेल, आमच्या काळ्या रानात गाडी अडकते, उंची नको का? जरूर हवी. पण थारचा मागचा आस अखंड आहे. त्याच्या मधला फुगीर भाग, ज्यात डिफरन्शियलचे दाते असतात, तो स्पेसरने एक सूतही वर येत नाही. चाकोरीत टेकतो तो नेमका तोच! कंपनीने या गाडीला जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची दिलेली आहे. शेतरस्त्यावर एवढी पुरत नसेल, तर दोष गाडीचा की रस्त्याचा, हे आपणच ठरवावे.

उंचीची किंमतही मोजावी लागते. समजा दोन चाकांतले अंतर १५०० मिलिमीटर आणि वजनाचा मध्य जमिनीपासून ७५० वर. तो ५० ने वर गेला, की गाडीची न कलंडण्याची ताकद शंभराची चौऱ्याण्णव होते. टपावर मोळ्या टाकल्या की आणखी घसरते. उलाळ झालेली बैलगाडी ज्याने सावरली आहे, त्याला हे जास्त सांगायला नको.

तरीही ज्यांनी स्पेसर बसवले आहेत, त्यांनी एवढे पाहावेच. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत अंतर मोजावे. डावे-उजवे सारखे हवे. गाडी पक्क्या घोड्यांवर ठेवून मागची चाके लोंबकळू द्यावीत आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, शॉकअॅब्सॉर्बर पुरता ताणून अडत नाही ना, हे बघावे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये. दांड्यांचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळून लवकर फाटते. दिव्यांचा झोत खाली करून घ्यावा. रात्री समोरून बैलगाडी हाकणारा आपलाच भाऊबंद असतो.

कायदाही माहीत असावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला दर फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा काम करण्याआधी आर.टी.ओ.त विचारावे. अपघातानंतर विमा कंपनीने हरकत घेतली, तर नुकसान घरातल्यांना सोसावे लागते.

आमचे मत स्पष्ट आहे. हौसेला मोल नसते हे खरे, पण या गाडीत लागणीच्या बाया बसतात, शाळेची पोरे बसतात. ठोकळ्याला घालायचे पैसे चार शेजाऱ्यांनी मिळून शेतरस्त्याच्या मुरमाला घालावेत. त्याने सगळ्यांचीच गाडी उंच होईल, आणि हंगामात उसाची ट्रॉलीही अडणार नाही.

आणि तो तरुण सभासद? त्याने मागचे-पुढचे दोन्ही स्पेसर काढून टाकले. बेणे आता ट्रॅक्टरने आणतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी