परत फिरण्याची विद्या

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊं लागली कीं एकत्र कुटुंबांत कांहीं ठराविक प्रश्न दरवर्षीं निघतात. कोणाच्या मुंजीस कोणीं जावें, पापड-कुरडयांचें काम केव्हां काढावें, माहेरवाशिणी किती दिवस राहतील, इत्यादि. अलीकडे या यादींत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. कॉलेजांत जाणारा मुलगा, आणि पुष्कळदां मुलगीही, जेवतांना हळूच सांगून टाकते कीं, उत्तरकाशीस अथवा दार्जिलिंगास जाऊन अठ्ठावीस दिवस बर्फाच्या डोंगरावर चढण्याचें शिक्षण घ्यावयाचें आहे. घर नांदेडचें किंवा लातूरचें असलें म्हणजे सर्वांचे हात क्षणभर ताटांतच थांबतात. आजींना उत्तरकाशी ठाऊक असते ती गंगोत्रीच्या वाटेवरची, विश्वनाथाच्या देवळाची. तेथें दर्शनास न जातां डोंगर चढावयास जाणें हें त्यांस चमत्कारिक वाटतें. वडील खर्च विचारतात. आई कांहींच विचारीत नाहीं, आणि तिचें तें न विचारणेंच सर्वांस अधिक जड जातें. अशा वेळीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं काय उत्तर द्यावें, याचा विचार या महिन्यांत करावा असें आम्हीं योजिलें आहे.

पहिला आक्षेप असा कीं, आपल्या प्रांताचा आणि बर्फाचा संबंध काय? आक्षेप वरवर खरा आहे. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंच, नांदेड त्याहूनही सखल. कंधार, उदगीर, औसा हे आमचे नामांकित किल्ले तिन्ही भुईकोट. चढण म्हणून जी आम्हांस माहीत ती माहूरची, आणि तीही देवीच्या दर्शनापुरती. बर्फ म्हटला कीं आमच्या शेतकऱ्यास गारपीट आठवते. परंतु नांदेड जिल्ह्यास लागूनच असलेल्या निजामाबाद जिल्ह्यांत पाकाला नांवाचें खेडें आहे. तेथील शेतमजुराची मुलगी मालावत पूर्णा हिनें २५ मे २०१४ रोजीं, वयाची चौदा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेविलें. तिचा पहिला धडा हैदराबादजवळच्या भोनगीरच्या खडकावर झाला, पुढचा दार्जिलिंगास, त्यानंतरचा लडाखच्या थंडींत. तिचें ऊन आणि आमचें ऊन एकच आहे. तेव्हां आपल्याकडे डोंगर नाहीं ही सबब आतां फारशी टिकण्यासारखी राहिलेली नाहीं.

हें शिक्षण आपल्या देशांत रीतसर केव्हां सुरू झालें, तेंही सांगितलें पाहिजे. २९ मे १९५३ रोजीं तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टवर पोंचले, आणि पुढच्याच वर्षीं, ४ नोव्हेंबर १९५४ रोजीं, दार्जिलिंगास हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तेनसिंग स्वतः तेथें प्रत्यक्ष शिक्षणाचे पहिले प्रमुख झाले. १९६५ सालीं उत्तरकाशीस नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग निघाली. १९८४ सालीं एव्हरेस्टवर जाणारी पहिली भारतीय स्त्री बचेंद्री पाल तेथेंच शिकली. मनाली व पहलगाम येथेंही अशा संस्था आहेत. पहिला वर्ग प्राथमिक. त्यांत ज्यास ‘अ’ श्रेणी मिळते त्यासच वरच्या वर्गाचें दार उघडतें. म्हणजे हा यात्रेकरूंचा तांडा नव्हे. येथें परीक्षा आहे, आणि नापास होण्याचीही सोय आहे.

आतां तेथें शिकवितात काय? आरंभीं गाठी. आमच्या बाजूस मोटेचा नाडा आणि बैलाचें दावें बांधणाऱ्या हातांस सुरगाठ व निरगाठ यांतील भेद सांगावयास नको. तेथें हाच भेद जिवाशीं निगडित असतो. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाठ कंबरपट्ट्यास बांधावयाची, ती स्वतः तपासावयाची, आणि मग शेजाऱ्याकडून तपासून घ्यावयाची. थंडीनें बोटें बधिर झालीं असतां, अंधारांत, हातमोजे घालूनही ती बांधतां येईपर्यंत ती आली असें कोणी म्हणत नाहीं. मग खडकावर चढणें, दोरावरून उतरणें, आणि दुसरा चढत असतां त्याचा दोर धरून त्यास सांभाळणें. या सांभाळण्यास तिकडे ‘बिले’ म्हणतात. चढणाऱ्याकडे सर्वांचें लक्ष जातें. परंतु खरी कसोटी खालीं उभ्या असलेल्या या दोर धरणाऱ्याची. त्यानें क्षणभर नजर हलवितां कामा नये.

त्यानंतर हिमनदी. बुटांस लोखंडी खिळ्यांचे तळ बांधून, ज्यांस क्रँपॉन म्हणतात, चालावयाचें. आपल्याच पायाचा खिळा दुसऱ्या पायाच्या विजारींत अडकून पडूं नये म्हणून पाय किंचित् फांकवून टाकावयाचे. हातांत हिमकुऱ्हाड असते. बर्फावर ताजी भुरभुर पडली म्हणजे भेगांचीं तोंडें झांकलीं जातात आणि सपाट वाटणारी जागा पोकळ निघते. म्हणून तिघे-चौघे एकाच दोरास अंतरा-अंतरानें बांधून घेतात. कोणी घसरला कीं त्यानें पालथें होऊन, कुऱ्हाड छातीखालीं तिरकी धरून, तिचें टोंक सर्व भारानिशीं बर्फांत रुतवावयाचें. हा धडा सौम्य उतारावर, मुद्दाम घसरून, पुनः पुनः गिरवून घेतात. कारण प्रसंग आला म्हणजे विचार करावयास वेळ नसतो, शरीरानेंच उत्तर द्यावें लागतें.

आणि एक पडला असतां दोरावरचे बाकीचे काय करतात? तेही तत्क्षणीं बर्फावर अंग टाकून कुऱ्हाडी रुतवितात. महाप्रस्थानाची कथा आमच्या घरोघरीं ठाऊक आहे. हिमालयाच्या वाटेवर प्रथम द्रौपदी पडली, मग एकामागून एक भाऊ पडले, आणि धर्मराज मागें न पाहतां चालत राहिले. तो विरक्तीचा आदर्श झाला. परंतु संसाराचा आदर्श या दोराचा आहे: एक पडला कीं सर्वांनीं थांबावयाचें, आणि त्यास वर काढल्याखेरीज कोणीं पुढें जावयाचें नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलांस हें निराळें शिकवावें लागूं नये, असें आम्हांस वाटतें. तरीही दोराच्या शिस्तींत आणि घराच्या शिस्तींत एक भेद आहे. घरांत वयानें मोठा तो पुढें. दोरावर ज्यास वाट कळते तो पुढें, मग तो वयानें लहान असो वा ती मुलगी असो.

उंचीचें शास्त्रही तेथें शिकवितात. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्म्यावर येतो. डोकें दुखणें, अन्न नकोसें होणें, मळमळ, झोंप न लागणें हीं तिचीं पहिलीं लक्षणें. त्यांवर खरा उपाय एकच, खालीं उतरणें. यासाठीं दिवसां उंच चढून रात्रीं खालीं निजावयाचें, आणि शरीरास संवय होईल तसतसा मुक्काम वाढवावयाचा, असा नियम आहे. लक्षणें लपविणारा विद्यार्थी शूर ठरत नाहीं, धोकादायक ठरतो.

येथवर वाचून कोणा वडिलांस वाटेल कीं, एवढें शिकवितात तर भय कसलें? असें समाधान आम्ही देणार नाहीं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तरकाशीच्याच संस्थेचा वरचा वर्ग द्रौपदी का डांडा या ५,६७० मीटर उंचीच्या शिखराकडे चढत असतां त्यावर हिमाचा कडा कोसळला आणि २९ जण गेले. त्यांत शिकविणाऱ्या सविता कंसवालही होत्या. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत त्या एव्हरेस्ट आणि मकालू हीं दोन्ही शिखरें चढून आल्या होत्या. म्हणजे विद्या होती, अनुभव होता, तरीही घात झाला. कोणी म्हणेल, मृत्यू घरींही येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत निजलेलीं माणसें आपल्याच भिंतींखालीं गाडलीं गेलीं, हें लातूरकरांस सांगावयास नको. परंतु हा युक्तिवाद आम्हांस पुरा वाटत नाहीं. भूकंप कोणी मागून घेत नाहीं. डोंगर मागून घेतलेला असतो. म्हणूनच संमति द्यावयाची ती डोळे उघडे ठेवून द्यावी, आणि नाकारावयाची तर तीही केवळ लोक काय म्हणतील म्हणून नाकारूं नये.

संमति दिल्यास घरच्यांचीं कर्तव्यें काय? पहिलें, वैद्यकीय तपासणींत सत्य सांगणें. लहानपणींचा दमा किंवा हृदयाची तक्रार मुलगी जाणार म्हणून दडवूं नये. दुसरें, तयारीस तीन महिने देणें. नांदेडास गोदावरीच्या कांठीं, लातुरास गांवाबाहेरच्या रस्त्यावर, ऊन चढण्यापूर्वीं रोज धांवणें, पाठीवर हळूहळू ओझें वाढवीत चालणें, आणि जमल्यास माहूरच्या पायऱ्या तें ओझें घेऊन चढणें. जुन्या किल्ल्यांच्या तटांवर मात्र सराव करूं नये. तेथील दगड निखळतात आणि वारसाही नासतो. तिसरें, संस्था पारखणें. जी संस्था तपासणीचा दाखला मागत नाहीं आणि प्रत्येकास शिखराची हमी देते, तिच्यापासून दूर राहावें.

चौथें कर्तव्य सर्वांत अवघड आहे, आणि तें खर्चाचें नव्हे. मुलगा अथवा मुलगी अर्ध्यांतून परत आली, तर तिला टोमणा मारूं नये. १८६५ सालीं मॅटरहॉर्नच्या माथ्यावर प्रथम पोंचलेल्या सातांपैकीं चौघे उतरतांना गेले. शिखर गांठलें म्हणजे काम निम्मेंच झालेलें असतें. आमच्या मराठवाड्यांतच याचे दाखले आहेत. पोलीस शिपाई रफीक शेख यांस २०१४ सालीं हिमप्रपातानें आणि २०१५ सालीं भूकंपानें परत फिरविलें. मे २०१६ मध्यें ते एव्हरेस्टवर पोंचले. मनीषा वाघमारे २०१७ सालीं माथा दृष्टीच्या टप्प्यांत आला असतां हवा बिघडल्यामुळें मागें वळल्या, आणि मे २०१८ मध्यें पुनः जाऊन त्यांनीं तो गांठला. त्या दिवशीं वळल्या नसत्या तर दुसरें वर्ष त्यांच्या वाट्यास आलें असतें असें कोणी सांगूं शकेल काय?

आमच्या घरांतून परीक्षेचा निकाल, नोकरी, लग्न यांपैकीं कोठेंही माघार घेतलेल्या मुलास सहज बोल लावला जातो. ज्या घरांत परत येण्याची लाज वाटते, त्या घरचा मुलगा डोंगरावरही परत फिरावयास कचरेल, आणि तेथें त्या कचरण्याची किंमत फार मोठी आहे. म्हणून मुलांनीं तेथें जाऊन गाठी शिकण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं एक वाक्य मनापासून म्हणावयास शिकावें: “वर जा अथवा न जा, दार उघडें आहे.” एवढें ज्यांस म्हणतां येईल त्यांनीं खुशाल संमति द्यावी. ज्यांस तें म्हणतां येत नाहीं, त्यांनीं आणखी एक वर्ष थांबावें. हिमालय कोठें जात नाहीं.