स्टायपेंड मिळेल का हो?

परवा रात्री अकराला फोन वाजला. रेवदंड्याहून भाची. एवढ्या उशिरा म्हणजे एक तर कोणीतरी आजारी, नाहीतर हिचं ब्रेकअप. निघालं भलतंच.

‘मावशी, मला इंटर्नशिप मिळाली! लोअर परळला, डिझाइन स्टुडिओत. दोन महिने!’

‘सॉलिड! देणार किती?’

पलीकडे शांतता. मग हळूच, ‘एक्सपोजर मिळेल म्हणाले.’

एक्सपोजर! दोस्तांनो, हा शब्द ऐकला की मला कळतं, पाकीट आपलंच रिकामं होणार आहे. तरी म्हटलं, कागद-पेन घे, हिशोब करू. पीजीतली कॉट नऊ हजार. डबा चार हजार. लोकलचा पास आणि रिक्षा एक हजार. प्रिंट, कागद, मोबाइल, वरखर्च दीड हजार. महिन्याचे झाले साडेपंधरा. दोन महिन्यांचे एकतीस हजार, तेही डिपॉझिट न धरता. आणि रोज घरून ये-जा करायची म्हटलं, तर रेवदंडा ते अलिबाग एसटी, पुढे मांडवा, मग लाँच, मग गेटवे. ऑफिसात पोचेपर्यंत लंच टाइम!

‘बाबा काय म्हणाले?’

‘म्हणाले, करू काहीतरी.’

भावोजींचं ‘करू काहीतरी’ मला चांगलं ठाऊक आहे. सुपारीची छोटी वाडी, ताईच्या चार बांगड्या. मागच्या वेळी ‘करू काहीतरी’ झालं, तेव्हा दोन बांगड्या बँकेत जाऊन बसल्या होत्या. त्या अजून परतल्या नाहीत.

आता खरी गोम. हिच्या वर्गातल्या दादरच्या मुलीलाही तीच ऑफर आली. तिने एका मिनिटात हो म्हटलं. तिला फक्त पाससाठी पैसे लागणार. टॅलंट दोघींकडे आहे, पण एकीचं घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर आणि दुसरीचं कुंडलिकेच्या खाडीकाठी. म्हणजे फुकटची इंटर्नशिप ही चित्रं बघून नाही, पत्ता बघून मिळते!

‘पोर्टफोलिओ पाठव,’ म्हटलं. आला. किल्ल्याच्या तटबंदीचे जलरंग, सुरूची झाडं, पोस्टर, टाइपोग्राफी. छान, पण असे पन्नास पोर्टफोलिओ मी वर्षाला बघते.

‘गेल्या पावसाळ्यात पेणला गणपतीच्या कारखान्यात जात होतीस ना? ते कुठाय?’

‘अगं, ती काय इंटर्नशिप आहे? मैत्रिणीकडे राहिले आणि मूर्ती रंगवल्या. रोजाने.’

हेच ते! डेडलाइन भाद्रपद चतुर्थीची, एक दिवस पुढे ढकलता येत नाही. शेकडो मूर्तींना एकसारखा रंग. शेवटी डोळ्यांची आखणी, जिथे हात एक केस हलला तर बाप्पा रागावलेला दिसतो. कारखान्याच्या मालकाने हिला तिसऱ्या आठवड्यात आखणीला बसवलं होतं, आणि संध्याकाळी हातात रोख पैसे. अख्ख्या पोर्टफोलिओत जगाने पैसे मोजून घेतलेलं हे एकच काम, आणि बाईसाहेबांनी तेच गाळलेलं.

शिकताना कमावणं हा काही आजचा फंडा नाही. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. तिथले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे, भित्तिचित्रांच्या नकला करायला. काम १८८५ पर्यंत चाललं, आणि खर्च सरकारचा. लेण्यांत उभं राहून पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार घडले. पुढे १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले, तेही फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. कोणाला तरी खर्च उचलावाच लागतो. प्रश्न एवढाच, की दर वेळी तो आईच्या बांगड्यांनीच का उचलायचा?

आजही वाटा आहेत. केंद्राच्या सीसीआरटीची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटाला आहे, महिना पाच हजार, दोन वर्षं. मात्र आधी गुरूकडे काही वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. पदवी झाल्यावर राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बघायची. २०२४ मध्ये ती आली तेव्हा पदवीधरांना महिना दहा हजार ठरले होते. त्याच वर्षी आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिना पाच हजार होते, पण पूर्णवेळ शिकणाऱ्यांना प्रवेश नव्हता. अटी बदलत राहतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी ताजी माहिती वाचायची. आणि या सगळ्याच्या आधी, सरळ तोंड उघडून विचारायचं!

तेच केलं. हिने चार ओळींचा मेल लिहिला. काम करायला फार आवडेल, मी रेवदंड्याहून येणार, राहण्या-जेवण्याचा खर्च अमुक आहे, स्टायपेंड मिळेल का? सोबत आखणीचे सहा फोटो. रडगाणं नाही, विनवणी नाही. ‘पाठवू’वर बोट ठेवून पोरगी दहा मिनिटं बसली होती. ‘ऑफर काढून घेतली तर?’

काढून नाही घेतली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, महिना सहा हजार. आणि एक प्रश्न, ‘हे डोळे तुम्ही हाताने काढलेत?’

सहा हजारांत पीजीसुद्धा येत नाही. म्हणून बाईसाहेब सध्या डोंबिवलीत माझ्या सोफ्यावर. डबा माझ्याबरोबरच होतो, बाकीचं सहा हजारांत भागतं. बांगड्या ताईच्या हातात. पण प्रत्येकीला डोंबिवलीत मावशी नसते, हेही तितकंच खरं.

आता एक कबुली. गेल्या वर्षी माझ्याच टीममध्ये एक इंटर्न होता. तीन महिने. कोल्हापूरचा. गुणी पोरगा, दुपारी फक्त वडापाव खायचा. मला वाटलं, त्याला आवडतो. त्याला आम्ही किती देत होतो? सर्टिफिकेट. कुठे राहतोस, कसं भागवतोस, मी एकदाही विचारलं नाही.

सोमवारी एचआरकडे गेले. दर शुक्रवारच्या टीम लंचचं महिन्याचं बिल काढलं. त्यात एका इंटर्नचा स्टायपेंड आरामात बसतो. महिन्यातून दोन शुक्रवार डबे आणू, म्हटलं. एचआरने ‘बघू’ म्हटलंय. ‘बघू’चा अर्थ मला कळतो, म्हणून येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे.

तुमच्याही ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीवर असा कोणी बसला असेल. आज चहाला बरोबर न्या आणि विचारा, बाबा रे, राहतोस कुठे?