दादीचं पानदान भंगारात नको
घर सजवायला जुन्या वस्तू विकत आणायची हल्ली हौस आहे. आणि आपल्याच शहरात दादी-नानींची बिदरी पानदानं किलोच्या भावानं भंगारात जातात! बिदरी म्हणजे जस्त-तांब्याचं ओतकाम, त्यात ठोकून बसवलेली चांदी आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं आणलेला काळा रंग. ही वस्तू चिंचेनं घासू नका. काळेपणा गेला की नक्षी हरवते. मऊ कापडावर थोडं खोबरेल घेऊन पुसा. हिमरू शालीची घडी अधूनमधून बदला, नाहीतर धागे घडीवरच तुटतात. दादी हयात असतील तर आजच विचारा, हे कुणाचं, कधीचं? चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवा. कारागिराचं नाव त्यावर सहसा नसतं. वापरणाऱ्यांचं तरी राहील.